डबे वाजवायची संध्याकाळ

रेक्सने ट्रकचं इंजिन बंदही केलं नाही. फाटकाशी थांबून त्याने खिडकीतून कोपर बाहेर काढलं आणि धाकट्या भावाला खुणेनं जवळ बोलावलं. लायल पेरणीयंत्राच्या नळीत अडकलेला गहू तारेने मोकळा करत होता. तार हातात घेऊनच तो फाटकापाशी आला.

"शनिवारी दुपारी टिंकरला माझ्याकडे आणून सोड," रेक्स म्हणाला.

"कशाला? तुझी दोन कुत्री आहेत की."

"आहेत रे. पण तुझं ध्यान भुंकायला लागलं की थेट रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जातं. आम्ही तुमच्या अंगणात पोचायच्या आत बोंब ठोकेल."

लायलला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग त्याला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवून उगाच शेताकडे पाहिलं.

"म्हणजे येताय तर शेवटी."

"मी काहीच बोललेलो नाही. एल्वाआत्याने विचारलं, तर तुला काही ठाऊक नाही. आणि कोरलीला ताकास तूर लागू देऊ नकोस. नाहीतर त्या मास्तरीणबाईसारखी गत व्हायची."

मास्तरीणबाईची गोष्ट त्या मुलखात सगळ्यांना तोंडपाठ होती. नव्या मास्तरांचं लग्न झालं, तेव्हा रिवाजाप्रमाणे शेजारपाजारचे सगळे अंधार पडल्यावर त्यांच्या घराकडे गेले. दिवे विझवलेल्या गाड्या लांब उभ्या केल्या, दबक्या पावलांनी घराला वेढा घातला आणि रॉकेलचे रिकामे डबे, घंगाळी, नांगराच्या तबकड्या, जे हाताला आलं ते एकदम बडवायला सुरुवात केली. नवराबायकोने दचकून, केस विस्कटलेले, पायात एकच चप्पल अशा अवतारात दार उघडायचं आणि मग सगळ्यांनी हसत आत घुसून बरोबर आणलेलं खाणं मांडायचं, अशी ती गंमत. पण मास्तरीणबाई इस्त्रीचा झगा घालून, हातात गरम केकचं ताट घेऊन दारातच उभी. कुणीतरी आधीच सांगितलं होतं. त्याला तीन वर्षं झाली, तरी बायका अजून म्हणत, 'तिला काय बाई, सगळं छापील लागतं.' आणि हार्वी नोस्केच्या शहरातल्या बायकोसाठी तर कुणी डबे वाजवायला गेलंच नाही. दोन वर्षांत ती दोघं शेत विकून गेली.

लायलच्या लग्नाला दीड महिना होऊन गेला होता. दर शनिवारी जेवण झालं की तो उगाच व्हरांड्यात जाऊन उभा राही आणि काही ऐकू येत नाही म्हटल्यावर आत येई. त्याच्या बायकोला, कोरलीला, ते कळत नव्हतं. लोकांनी तिला आपली मानलेली नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून रेक्सचा ट्रक धूळ उडवत गेला, तेव्हा तो शीळ घालत नळ्या साफ करायला लागला. तिसरी नळी हातात घेतल्यावर त्याला कोरलीला दिलेला शब्द आठवला आणि शीळ आपोआप थांबली.

लग्नाआधी एका दुपारी, पत्र्याच्या शेडच्या सावलीत ट्रक उभा करून, तिने त्याला सगळं सांगितलं होतं. मुलखात तिची ओळख विधवा अशी करून दिली होती, कारण एल्वाआत्याच्या चर्चमध्ये घटस्फोट हा शब्दसुद्धा कुणी मोठ्याने उच्चारत नसे. पण तिचा पहिला नवरा डेस मेलेला नव्हता. तो कुठे आहे, हे कोरलीला ठाऊक नव्हतं. आपण कुठे आहोत हे त्याला कळू नये म्हणून तिने तीन गावं बदलली होती. डेस पिऊन घरी यायचा, तेव्हा सरळ आत यायचा नाही. हातात पाना घेऊन तो घराभोवती फिरायचा आणि पत्र्याच्या भिंतीवर तो पाना आपटत जायचा. एक फेरी, दुसरी फेरी. मग आत यायचा. कधी यायचाही नाही, बाहेरच झोपायचा, आणि ती मात्र सकाळपर्यंत उभी.

"मार आठवत नाही मला फारसा," ती म्हणाली होती. "तो आवाज आठवतो."

लायलने तिचा हात धरला होता.

"तुझ्याकडे एकच मागते. अचानक काही करू नकोस. चांगलंसुद्धा नको. फुलं आणणार असशील तरी आधी सांग."

त्याने शब्द दिला आणि पाळलाही. मागून येताना तो लांबूनच हाक मारी. तिच्या वाढदिवसाला कपड्याचं कापड आणायला गावात जातोय, कुठला रंग आणणार आहे, हेसुद्धा त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं. आणि मग टिंकर होता. परकं माणूस अर्ध्या मैलावर असलं तरी तो घसा फुटेस्तोवर भुंकायचा. पहिल्या आठवड्यात रात्र रात्र जागणारी कोरली टिंकरच्या भरवशावर झोपायला लागली होती.

बुधवारी सांगू, असं लायलने ठरवलं. बुधवारी पेरणीला उशीर झाला. गुरुवारी सांगू म्हटलं, तर ती स्वयंपाकघरात गात होती. तिला गाताना त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. दाराबाहेर उभा राहून त्याने गाणं संपू दिलं आणि मग बोलायचं राहूनच गेलं. शुक्रवारपर्यंत त्याने स्वतःची पुरती समजूत घातली होती. घाबरेल, पण किती? दोन मिनिटं. दार उघडलं की समोर हसरे चेहरे, केक, अकॉर्डियन. त्या आवाजाची भीती तिच्या मनातून कायमची धुतली जाईल. पुन्हा कधी पत्रा वाजला तर तिला डेस नाही, एल्वाआत्या आठवेल. आपण तिला एक औषधच देतोय, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. आणि सांगितलं, तर ती इस्त्रीचा झगा घालून दारात उभी राहील आणि लोक तिला जन्मभर नावं ठेवतील. या शेवटच्या विचारात तिची काळजी किती होती आणि स्वतःची किती, हे त्याने तपासलं नाही.

शनिवारी दुपारी तो टिंकरला ट्रकच्या मागे चढवत होता, तेव्हा कोरली ओले हात पुसत बाहेर आली.

"त्याला कुठे नेतोस?"

"रेक्सला मेंढ्या गोळा करायच्यात. त्याचं एक कुत्रं लंगडतंय."

"रात्रीपर्यंत आणशील ना?"

"रेक्सच आणून सोडेल."

ती ट्रकजवळ आली आणि टिंकरच्या कानामागे खाजवत राहिली. "हा नसला की घर बहिरं झाल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण तिने कुत्र्याला हसून निरोप दिला, ट्रकची मागची फळी लावली आणि ती आत वळली. लायलच्या मनात पाल चुकचुकली. तरीही त्याने ट्रक सुरू केला.

दक्षिणेकडच्या त्या मुलखात मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, दिवस लहान असतो. जेवण होईतो बाहेर मिट्ट काळोख झाला होता. कोरली दिव्याशी बसून पडद्याला दुमड घालत होती. लायलने दाढी केली होती, त्यावर ती जेवताना हसली होती. 'उद्याच्या चर्चची आजच तयारी?' असं म्हणाली होती. आता तो पेपर तोंडासमोर धरून बसला होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता.

लांब कुठेतरी एक इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

कोरलीची सुई थांबली. "गाडी होती का रे?"

"वारा असेल."

"वारा केव्हाच पडलाय."

ती ऐकत राहिली. लायलनेही ऐकल्यासारखं केलं. खरं म्हणजे त्याला आता सगळंच ऐकू येत होतं: वाळलेल्या गवतावरची पावलं, कुणाचा तरी दाबलेला खोकला, एका पोरीचं फिसकन हसणं आणि तिला कुणीतरी दिलेली चापट. हे सगळं तिलाही ऐकू जात असणार. ही आपलीच माणसं आहेत, एवढं तरी आता सांगावं, म्हणून त्याने पेपर खाली केला.

त्याच क्षणी पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर लोखंडाचा एकच ठोका पडला.

तो रेक्सचा इशारा होता. त्यानंतर जेमतेम एक श्वास घेण्याएवढी शांतता झाली. तेवढ्यात कोरलीने फुंकर घालून दिवा विझवला होता. ती किंचाळली नाही, दचकलीसुद्धा नाही. जणू रोजचं काम असावं, तशी ती उठली, अंधारात तिने लायलचं मनगट बरोबर पकडलं आणि त्याला खुर्चीवरून ओढून कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत ढकललं. मग चारी बाजूंनी डबे सुरू झाले. भिंती थरथरल्या, फळीवरच्या बशा वाजायला लागल्या.

"कोरली, अगं ऐक..."

तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. हात बर्फासारखा गार होता, पण कापत नव्हता. तिने तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"गप्प बस. या वेळी माणसं घेऊन आलाय. तुला काही करायचे नाहीत, त्यांना मी हवी आहे. मी बाहेर जाते. तू पाच मिनिटं इथून हलू नकोस, मग मागच्या दाराने शेतात पळ आणि रेक्सचं घर गाठ."

शरमेने लायल तिथेच अडकून राहिला. तो तिला वाचवायचं म्हणून लग्न करून घेऊन आला होता, आणि ती त्याला भिंतीच्या आडोशाला लपवून एकटी दाराकडे निघाली होती. त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत ती दारापाशी पोचली होती. तिने झगा नीट केला, हनुवटी वर केली आणि दार सताड उघडलं.

"सरप्राइज!"

पंचवीसेक गळ्यांतून एकदम आरोळी उठली. पाच-सहा बॅटऱ्यांचा उजेड तिच्या तोंडावर पडला. उजेडात ती नुसती उभी होती. लायल मागून धावत आला, तेव्हा त्याला तिची पाठ तेवढी दिसली. दाराच्या चौकटीला धरलेली तिची बोटं एकेक करून सुटत होती.

"बघा गं पोरीचा चेहरा!" एल्वाआत्या टोप आणि डाव घेऊन पुढे आली. सत्तरी उलटलेली ही बाई कंबरेत वाकली होती, पण टोप सगळ्यांत जोरात तिचाच वाजत होता. "पिठासारखी पांढरी पडलीय! ह्याला म्हणतात डबे वाजवणं. नाहीतर ती मास्तरीण!"

मास्तरीणबाई गर्दीतच होती. तीही सगळ्यांबरोबर हसली.

मग कोरलीही हसली. आधी थोडं, मग चांगलं मोठ्याने. "या ना आत," ती म्हणाली. "बाहेर किती गार आहे. लायल, दिवा लाव रे."

त्या संध्याकाळी तिचं सगळ्यांनी मनापासून कौतुक केलं. तिने चहा केला, कप कमी पडले तर जॅमच्या बरण्यांत ओतला. पाहुण्यांनी आणलेले सॅंडविच, सॉसेज, वर साखरेचा चुरा पेरलेले केक टेबलावर मांडले. म्हाताऱ्या ओट्टोने अकॉर्डियन काढलं, तेव्हा पहिला नाच तिने रेक्सबरोबर केला. नव्या जोडप्याच्या घरात खोड्या करायच्या, हाही रिवाजच. पोरींनी लायलच्या पायजम्याचे पाय शिवून टाकले, साखरेत मीठ कालवलं आणि फळीवरच्या झाडून सगळ्या बंद डब्यांवरचे कागद सोलून काढले. आता कुठल्या डब्यात पीच आणि कुठल्यात मांसाचा रस्सा, हे फोडल्याशिवाय कळायची सोय नव्हती. तेही कोरलीने हसून सोसलं. लायल दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघायचा. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पण घर माणसांनी भरलेलं, तिला उसंत कुठे होती? झालं ते बरंच झालं, असं त्याला हळूहळू वाटायला लागलं.

एल्वाआत्याने कोरलीला बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"तुझा पहिला नवरा... देव त्याला शांती देवो. तुमच्याकडे तेव्हा केलं होतं का गं असं?"

"केलं होतं ना," कोरली म्हणाली. "पुष्कळदा."

"पुष्कळदा? अगं वेडे, हे एकदाच करतात!"

"हो का?" असं म्हणून कोरलीने तिच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.

जायच्या वेळी रेक्सने ट्रकमधून टिंकरला उतरवलं. कुत्रा थेट कोरलीच्या पायाशी येऊन घुटमळला. निरोपाच्या गडबडीत सगळे अंगणात होते. रेक्स दोन बिअर चढवून खुशीत होता.

"हा घे तुझा भोंगा! दुपारीच आणून बांधला होता लायलने. मंगळवारी बोललो तर म्हटलं पोटात ठेवतोय की नाही हा. पण ठेवलं हां पठ्ठ्याने! बायकोला पत्ता लागू दिला नाही. मानलं तुला, लेका!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी लायलच्या पाठीत धपका घातला. कोरली खाली वाकून टिंकरचं डोकं कुरवाळत होती. ती वाकलेलीच राहिली, गाड्या एकेक करून वळून फाटकाबाहेर पडेपर्यंत.

आत आल्यावर लायल खुर्च्या जागेवर लावत बसला. कोरलीने कागद सोललेले डबे टेबलावर ओळीने मांडले. एकेक डबा उचलून ती कानाशी नेऊन हलवत होती.

"मी सांगणार होतो," लायल म्हणाला. "गुरुवारी तर अगदी..."

"हा पीचचा असावा," ती म्हणाली आणि डबा उजवीकडे ठेवला.

"तुला लोकांनी परकं समजू नये, म्हणून गं. सांगितलं असतं, तर तू मास्तरीणबाईसारखी..."

"सांगितलं असतंस, तर मी घाबरल्याचं नाटक केलं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला चांगलं येतं ते. घाबरल्याचं येतं, न घाबरल्याचंही येतं. कुणाला कळलंसुद्धा नसतं."

हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. इतकं साधं, आणि आलं नव्हतं. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"माझं चुकलं, कोरली."

"हो," ती म्हणाली, तेही न रागावता. मग तिने आणखी एक डबा कानाशी नेला. "गाडी होती का, म्हणून मी तुला विचारलं होतं. तू वारा म्हणालास."

"हो."

"डेसने कधी खोटं सांगितलं नाही. त्याचं तेवढं होतं."

लायलला रडूच आलं. तिने ते पाहिलं, उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि झोपायला चल म्हणाली. शिवलेला पायजमा तिनेच उसवून दिला. दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर बायकांनी तिला गराडा घातला. एल्वाआत्याने तर तिला हाताला धरून आपल्या बाकावर नेलं. लायल मागे उभा राहून पाहत होता आणि त्याला हवं होतं ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. कोरली नेहमीसारखीच बोलत होती, त्याला जॅकेटची कॉलर नीट करून देत होती. सावरली ती, त्याला वाटलं. आठवडाभरात विसरेल.

सोमवारी संध्याकाळी ट्रॅक्टर दूरच्या शेतातच बंद पडला. दुरुस्तीला उजेड उरला नव्हता, म्हणून तो ट्रॅक्टर तिथेच सोडून बांधाबांधाने चालत घरी आला. इंजिनाचा आवाज नाही, आणि घरच्या माणसावर टिंकर भुंकत नसे. अंगणात पोचल्यावर त्याने सवयीने हाक मारली आणि दार ढकललं. दार उघडलं नाही. त्या दाराला आतून कडी आहे, हे तो जवळजवळ विसरला होता. त्या मुलखात कुणी घराला कडी घालतच नसे. त्याने बोटाने टकटक केली.

"कोण?" आतून कोरलीचा आवाज आला.

"मी गं. लायल."

आत काहीच हललं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता, तो विझला.

"एकटाच आहेस?" तिने विचारलं.

"हो ना. दुसरं कोण असणार?"

थोड्या वेळाने आतल्या फळ्या करकरल्या. लायल बुटांवरची माती झटकत कडी निघायची वाट पाहत उभा राहिला. पावलं हलकी होती, त्यांना घाई नव्हती. ती दाराकडे येत नव्हती. स्वयंपाकघर ओलांडून ती घराच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि मग शेताकडचं मागचं दार उघडल्याचा आवाज त्याला ऐकू आला.